दक्षिण आफ्रिकेचा नऊ नंबर कोण? शनिवार रात्रीच्या वादातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या मोंढ्यामागे एका माळवदावर शनिवारी रात्री टीव्ही लावून रग्बी बघणारी आमची टोळी आहे. त्यात अडतीवरचे मुनीम आहेत, क्लासेसला शिकवणारे आहेत, एक पीटीचे सर आहेत आणि परभणीहून बदलून आलेले एक लाइनमन आहेत. दर वेळी नवीन माणूस येतो आणि तेच प्रश्न विचारतो. तीच उत्तरं तोंडी देऊन घसा बसायलाय, म्हणून हे लिहून ठेवलं. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर शनिवारी या.

लातुरात बसून दक्षिण आफ्रिकेच्या टीमवर भांडायचं काय कारण?

घड्याळ. त्यांची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तिकडं संध्याकाळी पाचला सुरू झालेली मॅच आपल्याकडं रात्री साडेआठला लागते, म्हणजे जेवण उरकून हात पुसेपर्यंत शिट्टी वाजते. न्यूझीलंडमधली सातची मॅच आपल्याकडं भर दुपारी येते, आणि तेव्हा मोंढ्यात कुणाला उसंत नसते. युरोपातल्या रात्रीच्या मॅचला इथं मध्यरात्र उलटते. त्यामुळं कुणी न ठरवता स्प्रिंगबॉक्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेची टीम, आपली झाली. त्यात ती टीम जिंकते पण. १९९५, २००७, २०१९ आणि २०२३ असे चार विश्वचषक त्यांच्याकडं आहेत, एवढे कुणाकडंच नाहीत.

स्क्रमहाफ म्हणजे नेमका कोण?

पाठीवर ९ असलेला. बहुतेक वेळा मैदानावरचा सगळ्यात बुटका आणि सगळ्यात जास्त बोलणारा.

मोंढ्यात पोती वाहणारे हमाल वेगळे, आणि माल कुणाच्या पदरात, कधी, कुठल्या भावानं टाकायचा हे बघणारा अडत्या वेगळा. एक ते आठ नंबरचे फॉरवर्ड अंग मोडून बॉल मिळवतात. स्क्रम (दोन्हीकडचे फॉरवर्ड वाकून एकमेकांना रेटतात तो) असो की रक (जमिनीवरच्या बॉलवर होणारी रेटारेटी), त्या ढिगाऱ्यातून बॉल बाहेर काढून पुढं काय करायचं हे नऊ नंबर ठरवतो. दहा नंबरला म्हणजे फ्लायहाफला पास द्यायचा, शेजारून धावत येणाऱ्या फॉरवर्डच्या हातात कोंबायचा, उंच किक मारायची, की स्वतःच घेऊन पळायचं. विचाराला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात समोरून शंभर-सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येत असतो.

सध्या दावेदार कोण कोण आहेत?

कोबस रायनाख, ग्रँट विल्यम्स, जेडन हेंड्रिक्से आणि जोहान्सबर्गच्या लायन्स संघाचा मोर्ने फान डेन बर्ग. फाफ डी क्लर्कचं नाव आजही निघतं, कारण सोनेरी केसांचा तो माणूस कुणाच्या डोळ्यापुढून हलत नाही.

दक्षिण आफ्रिकेला नऊ नंबरची टंचाई कधीच नव्हती. २०२३ च्या विश्वचषकाला त्यांनी चार-चार स्क्रमहाफ नेले. रोमानियाविरुद्ध तर चौघांनाही तेवीस जणांत घेतलं. रायनाख नऊवर, विल्यम्स विंगला म्हणजे मैदानाच्या कडेला, हेंड्रिक्से आणि डी क्लर्क बेंचवर. मॅच ७६-० अशी जिंकली, रायनाखनं तीन ट्राय मारले, म्हणजे तीनदा गोलरेषेपलीकडं बॉल टेकवला. आमच्या पीटीच्या सरांना तो प्रकार अजून पचलेला नाही. एका जागेसाठी चार माणसं नेली, मग बाकीच्या जागांनी काय घोडं मारलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

फिरवाफिरवी नको. सुरुवात कुणी करावी?

हेंड्रिक्सेनं. आणि पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास विल्यम्स यावा.

विल्यम्स एवढा वेगवान आहे, तर त्याला पहिल्यापासून का नको?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त आवाज चढवून येतो, म्हणून इथं जरा थांबू.

विल्यम्सची खरी ताकद पहिल्या दहा पावलांत आहे. रकच्या कडेला पहारा देणारा फॉरवर्ड अर्धं पाऊल चुकीच्या बाजूला झुकला की हा त्या फटीतून पार. पण पहिल्या वीस मिनिटांत तो पहारेकरी ताजातवाना असतो आणि अर्धं पाऊल चुकत नाही. पासष्टाव्या मिनिटाला त्याच माणसाचे हात गुडघ्यांवर असतात. म्हणजे वेग तोच, पण भाव दुप्पट.

३१ ऑगस्ट २०२४ ची जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवरची न्यूझीलंडविरुद्धची मॅच आठवा. शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली तेव्हा स्प्रिंगबॉक्स मागं होते. आधी क्वागा स्मिथनं ट्राय मारला, मग बेंचवरून आलेल्या विल्यम्सनं. ३१-२७ अशी मॅच फिरली. आमच्याकडं त्या रात्री कुणीतरी खुर्चीवरून उठताना चहाची किटली लाथाडली होती. विल्यम्सचे समर्थक हाच ट्राय पुढं करून ‘बघा, याला पहिल्यापासून खेळवा’ म्हणतात. मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. तो ट्राय झाला, कारण विल्यम्स तेव्हा ताजा होता आणि समोरचे दमलेले होते.

पहिली चाळीस मिनिटं म्हणजे जागेसाठी मारामारी. तेव्हा नऊ नंबरकडून हवं ते असं: किक ठरल्या जागी पडावी, पास छातीच्या उंचीला यावा, आणि आपल्या बावीस मीटरच्या रेषेच्या आत उगाच शहाणपणा नको. हेंड्रिक्से हे शांतपणे करतो, आणि वेळ आली तर खांबांमधून गुण आणणारी गोलकिकही मारतो.

पण हेंड्रिक्से शांत? तो डोळा मारणारा ना?

हो, तोच. ३१ मे २०२५ ला दरबानमध्ये हेंड्रिक्सेचा संघ शार्क्स आणि आयर्लंडचा मन्स्टर यांच्यातली युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपची उपांत्यपूर्व मॅच जादा वेळेनंतरही बरोबरीत राहिली आणि किकच्या शूटआउटवर गेली. हेंड्रिक्सेनं आपली किक मारली आणि पायात गोळा आला म्हणून तिथंच आडवा झाला. पलीकडं मन्स्टरचा जॅक क्राउली आपल्या पाळीसाठी ताटकळत उभा. हे महाशय आडवे पडल्या पडल्या त्याला डोळा मारतात. शार्क्स जिंकले आणि आयर्लंडमध्ये बोंबाबोंब झाली.

खिलाडूपणाचा मुद्दा बाजूला ठेवतो, तो वाद वेगळा रंगेल. पण ज्याला असल्या क्षणी खोडी सुचते त्याचे हात थरथरत नसतात, एवढं मी त्यातून घेतलं. त्याची अडचण वेगळीच आहे. दुखापतींनी त्याला मधूनमधून बाहेर बसवलंय, आणि नऊ नंबरला सलग खेळायला मिळालं नाही की पासमधली लय जाते.

मग रायनाखवर अन्याय नाही का?

थोडा आहे. गडी गुणाचा. वडील याको रायनाख हेही १९८६ मध्ये स्प्रिंगबॉक्सकडून विंगला खेळलेले, त्यामुळं पळणं रक्तात. २०१९ च्या विश्वचषकात कॅनडाविरुद्ध त्यानं पहिल्या एकवीस मिनिटांतच तीन ट्राय केले होते. २०२३ ला फ्रान्सविरुद्धची उपांत्यपूर्व आणि इंग्लंडविरुद्धची उपांत्य, दोन्हींची सुरुवात त्यानंच केली. एक मॅच २९-२८ अशी सुटली, दुसरी १६-१५ अशी.

पण त्याचा जन्म फेब्रुवारी १९९० चा. पुढचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात १ ऑक्टोबर २०२७ ला सुरू होतो, तेव्हा तो सदतीस वर्षांचा असेल. विश्वचषक उद्या असता तर मी रायनाखचं नाव निमूटपणे लिहिलं असतं. संघ मात्र २०२७ चा बांधायचाय, आणि हेंड्रिक्से तेव्हा सत्तावीसचा असेल.

फक्त नऊ नंबरचा विचार करून चालतं का?

नाही, आणि आमच्या भांडणात निम्मा गोंधळ इथंच होतो. नऊ आणि दहा ही जोडी आहे.

२०२३ च्या त्या दोन बाद फेरीच्या मॅच पुन्हा काढून बघा. दोन्हीकडं सुरुवातीला रायनाख आणि मानी लिबॉक. म्हणजे वेग, लांब पास, धावता खेळ. गाडी अडल्यावर दोन्हीकडं बेंचवरून डी क्लर्क आणि हांद्रे पोलार्ड आले. म्हणजे किक, जागा, पेनल्टी. इंग्लंडविरुद्ध तर लिबॉकला एकतिसाव्या मिनिटालाच बाहेर काढलं. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना पोलार्डनं मारलेल्या पेनल्टीनं मॅच वाचली. आणि फायनलला डी क्लर्क-पोलार्ड ही जोडी सुरुवातीलाच उतरवली. म्हणजे प्रशिक्षकांनी माणूस बदलला नव्हता, जोडी बदलली होती.

आता दहावर साशा फाइनबर्ग-मंगोमेझुलू आहे. २७ सप्टेंबर २०२५ ला दरबानमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध ६७-३० च्या विजयात त्यानं एकट्यानं ३७ गुण केले, स्प्रिंगबॉक्ससाठी एका मॅचमधला तो विक्रम. असा मुलगा दहावर असताना नऊवरही झटके देणारा ठेवला तर दोघंही एकाच वेळी काहीतरी अचाट करायला जातात. एक तरी जमिनीवर पाय असलेला हवा. माझ्या हेंड्रिक्से-आग्रहाचं खरं मूळ हे आहे. दहावर पोलार्ड असेल तर मी विल्यम्सला सुरुवात द्यायला तयार आहे, लिहून घ्या.

बॉक्स किक एवढी का मारतात? कंटाळा येतो राव.

कंटाळा तुम्ही बॉलकडं बघता म्हणून येतो. पुढच्या वेळी नऊ नंबरच्या पायांकडं बघा.

रक झाला. बॉल शेवटच्या फॉरवर्डच्या पायाशी. मागून आणखी एक-दोन फॉरवर्ड येऊन चिकटतात, रांग लांब होते. किक अडवायला येणाऱ्याला तेवढा वळसा पडावा हा हेतू. पंच ‘यूज इट’ म्हणून ओरडतो. तिथून पाच सेकंद. नऊ नंबर हातानं बॉल मागं घेतो, एक नजर विंगरकडं टाकतो, मग बॉल उचलून एक पाऊल मागं, खांदा मैदानाच्या कडेकडं, आणि किक जवळपास सरळ वर. बॉल हवेत चार सेकंद टिकला आणि वीस-पंचवीस मीटरवर उतरला तर आपला विंगर बरोबर त्याच क्षणी खाली पोचतो. पाच मीटर जास्त गेला की समोरचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागं उभा असलेला गडी, निवांत झेलून उलटा हल्ला करतो. पाच मीटर कमी गेला तर आपलेच फॉरवर्ड त्याखाली सापडतात. डी क्लर्क हे डाव्या पायानं करायचा आणि २०१९ मध्ये त्याला त्यावरून शिव्याही भरपूर पडल्या. फायनल त्याच टीमनं ३२-१२ अशी जिंकली.

शिवाय २०२४ च्या शेवटापासून पंच एका गोष्टीवर कडक झालेत. किक झेलणाऱ्याच्या पुढं त्याचेच साथीदार आडवे चालून पाठलाग करणाऱ्याची वाट अडवायचे, ते आता चालत नाही. त्यामुळं उंच किक परत मिळवण्याची शक्यता वाढली, आणि अचूक बॉक्स किक मारणाऱ्याचा भावही वधारला. हा नियम कडक होण्याआधीचे व्हिडिओ दाखवून विल्यम्सची वकिली करू नका.

जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १७५० मीटरवर आहे. हवा विरळ, बॉल लांब जातो. दरबानला समुद्रकाठी बरोबर बसणारी किक तिथं हमखास पाच-सात मीटर पुढं पडते. लातूर साधारण सहाशे-साडेसहाशे मीटरवर आहे, आपल्याला या भानगडी कळायला जरा वेळ लागतो.

२०२३ च्या फायनलला बेंचवर नऊ नंबरच नव्हता म्हणतात, खरं का?

खरं. २८ ऑक्टोबर २०२३, पॅरिस. आपल्याकडं कोजागिरी होती, आणि मॅच सुरू होईपर्यंत साडेबारा वाजले. त्यात त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. बहुतेक घरांनी दूध आधीच उरकून घेतलेलं, आमच्यातल्या दोघांना घरून ग्रहणात बाहेर पडायला बंदी. जे आले ते गच्चीवर एक डोळा चंद्राकडं आणि एक टीव्हीकडं ठेवून बसले होते.

बेंचवर आठ जण असतात. स्प्रिंगबॉक्सनी त्यातले सात फॉरवर्ड ठेवले आणि एकच बॅक (नऊ ते पंधरा नंबरच्या जागांवर खेळणारा), विली ल रू, तोही फुलबॅक. म्हणजे फाफ डी क्लर्कला काही झालं असतं तर जागेवर यायला स्क्रमहाफ नाही. गरज पडलीच तर विंगर चेस्लिन कोलबे नऊवर उभा राहील असा हिशोब होता. आणि झालं काय, तर ७३ व्या मिनिटाला कोलबेलाच पिवळं कार्ड मिळालं. पुढची मिनिटं तो डोकं जर्सीत खुपसून बाहेर बसला होता. हिशोबातला पर्यायही गेला. डी क्लर्क पूर्ण ऐंशी मिनिटं खेळला आणि मॅच १२-११ अशी सुटली. बाराच्या बारा गुण पोलार्डच्या पेनल्ट्यांचे.

त्या रात्री न्यूझीलंडच्या नऊ नंबरनं, ॲरन स्मिथनं, ट्राय केलाही होता. आधीच्या लाइनआउटमध्ये (कडेबाहेर गेलेला बॉल दोन रांगांमध्ये फेकतात तेव्हा) बॉल हातातून पुढं सुटला होता म्हणून तो रद्द झाला.

आता कुणी म्हणतं, तो डाव धाडसी होता. माझ्या मते तो डाव खेळता आला, कारण डी क्लर्क ऐंशी मिनिटं एकाच तालात राहू शकतो हे त्यांना माहीत होतं. आजच्या चौघांपैकी कुणाच्या भरवशावर बेंच असा रिकामा ठेवाल? मी नाही ठेवणार.

आंत्वान डुपाँसारखा एखादा असता तर हा वादच नसता ना?

असता. फक्त वेगळा. फ्रान्सकडं डुपाँ आहे. २०२१ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्सचं, म्हणजे सात जणांच्या रग्बीचं, सुवर्णही त्यानं जिंकलं. पण ८ मार्च २०२५ ला डब्लिनमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. मॅक्सिम ल्युकू आत आला आणि फ्रान्सनं ती मॅच ४२-२७ अशी जिंकली, पुढं सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा टीमची स्पर्धाही. ल्युकूचं नाव त्याआधी आमच्याकडं कुणी घेतही नव्हतं. एकच हिरा असलेल्या टीमला दुसऱ्या नंबरचा प्रश्न छळतो, चार बरे असलेल्यांना पहिल्याचा.

निवड समितीनं वगळलेला माणूस पुढं मुख्य झाला, असं होतं का कधी?

इंग्लंडचा ॲलेक्स मिचेल. २०२३ च्या विश्वचषकाच्या पहिल्या यादीत तो नव्हताच. जॅक फान पूर्तव्लीट सराव सामन्यात जखमी झाला म्हणून मिचेलला बोलावलं, आणि ९ सप्टेंबरला अर्जेंटिनाविरुद्ध पहिल्याच मॅचला तो नऊवर. पुढं मुख्य मॅचना तोच. म्हणून फान डेन बर्गला हसू नका.

नऊ नंबर बुटकाच असावा लागतो का?

नाही. डी क्लर्क १.७२ मीटर, जपानचा फुमिआकी तनाका तर १.६६. पण १९९५ चा योस्त फान डर वेस्टह्युझेन सहा फुटांच्या वर होता, आणि त्या फायनलमध्ये धावत्या जोना लोमूला त्यानं एकट्यानं खाली पाडलं. जमिनीवरून पास द्यायला कंबर लवकर वाकली पाहिजे, एवढंच.

आपल्याकडच्या पोरांना ही जागा जमेल का?

धाराशिव जिल्हा खो-खोचा. सारिका काळे तिथल्या, २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. खो-खो खेळलेल्या मुलाची कंबर आधीच खाली असते, दिशा बदलायला वेळ लागत नाही, आणि खाली पडून लगेच उठायची सवय असते. त्याला नऊ नंबर शिकवायला निम्मं काम झालेलं असतं. राहतं ते मनगट. पास देताना हात मागं न नेता जमिनीवरूनच बॉल सोडायचा, दोन्ही बाजूंना सारखाच. उजव्या हाताच्या पोराचा एका बाजूचा पास गोळीसारखा जातो आणि दुसऱ्या बाजूचा डुगडुगतो. आमचे सर क्रीडा संकुलाच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढून पोरांकडून नुसते दुबळ्या बाजूचे पास मारून घेतात. पोरं वैतागतात.

२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, चेन्नई बुल्स जिंकले. ती सेव्हन्स होती. सात जणांच्या खेळात स्क्रम तिघांचा असतो आणि नऊ नंबरला लपायला जागाच नसते, त्यामुळं तिथं विल्यम्ससारखाच गडी लागतो. शाळेच्या पोरांना त्याचे व्हिडिओ दाखवा, हेंड्रिक्सेचे नकोत.

तुमचं मत कशानं बदलेल?

दोन गोष्टींनी. पहिली, हेंड्रिक्से पुन्हा लांबच्या दुखापतीत अडकला तर. मग सुरुवात रायनाख, तो धावतोय तोवर. दुसरी, विल्यम्सनं बाहेरच्या मैदानावर, पावसात, न्यूझीलंड किंवा फ्रान्सविरुद्ध पहिल्या चाळीस मिनिटांत सात-आठ बॉक्स किक मारल्या आणि त्यातल्या निम्म्या आपल्या विंगरला परत मिळाल्या तर. परभणीकर लाइनमन म्हणतात, ते आधीच झालंय. मी व्हिडिओ मागितलाय. अजून आलेला नाही.